वरपक्षाचं बदक

सावनी : हो की नाही, एवढंच सांग ना आई. शनिवारचं तिकीट आहे.

नीला : पोळी करपेल. थांब जरा.

सावनी : पोळी मी बघते, तू बस.

नीला : तूच बस. नववा महिना लागलाय आणि म्हणे पोळी बघते! ही तुमची विजेची शेगडी म्हणजे एक सोंगच आहे. तापते कधी, निवते कधी, पत्ता लागू देत नाही. हं, बोल आता. कसलं तिकीट?

सावनी : बाबांचं. शनिवारी सकाळी सॅन होजेहून सिअ‍ॅटल. तिथून रीमाताई त्यांना बॉथेलला तिच्या घरी नेईल. तिची वरची खोली रिकामीच असते. माझी डिलिव्हरी होऊन सगळं सेटल होईपर्यंत ते लेकीकडे राहतील. बारशाला येतील दोन दिवस, की परत.

नीला : आणि हे कुणी ठरवलं?

सावनी : कुणी म्हणजे? तूच! फोनवर काय म्हणाली होतीस? "तुझा सासरा आणि मी सहा महिने एका छपराखाली राहायचं असेल तर मी येत नाही. बाळंतपण माझं काम आहे, ते मी करीन. त्यांना कुठं ठेवायचं ते तुमचं तुम्ही बघा." शब्द न शब्द लक्षात आहे माझ्या.

नीला : म्हणाले असेन.

सावनी : असेन काय? त्यावरून सत्यजितशी किती भांडलेय मी. शेवटी तो बिचारा तयार झाला.

नीला : मोहनरावांना सांगितलंत?

सावनी : अजून नाही. आज सत्यजित ऑफिसातून आला की सांगणार. सकाळी कंपनीची शटल बस पकडायला गेला तो तोंड पाडूनच. म्हणून म्हणते, बाबा खाली चक्कर मारतायत तोवर हो म्हण आणि मोकळी हो.

नीला : काल आल्यापासून त्यांनी बॅग उघडलेली नाही. बघितलंस? सोफ्यामागे कुलपासकट तशीच उभी आहे.

सावनी : जेटलॅग असेल गं.

नीला : असेल. बरं, ते तिकीट परत करता येतं का?

सावनी : काय? आई, तुला प्रवासात झालंय काय? तुम्हा दोघांचं एकाच विमानाचं बुकिंग केलं म्हणून केवढी बोलली होतीस मला.

नीला : एकाच विमानाचं केलंस ते केलंस, शेजारी शेजारी बसवलंस! मी खिडकीत, ते माझ्या बाजूला. मुंबईपासून कोरियातल्या सोलपर्यंत आमचं एकूण बोलणं म्हणजे "जरा उठता का?" आणि "हो, या." तेवढंसुद्धा अगदीच नाइलाज झाला म्हणून विचारलं.

सावनी : तुला एकटीला इंग्लिशची भीती, म्हणून केलं. मला काय हौस होती? आई, मी काही विसरलेले नाहीये. साताऱ्याच्या कार्यालयातली ती खिडकी मला अजून दिसते. मी मुंडावळ्या बांधून बसलेली, आणि समोर जानवशाच्या गॅलरीत बाबा. खुर्ची टाकून, पाय पसरून. आपले अण्णा जिना चढून वर आले, छातीवर हात धरून. बायपास झालेला माणूस! आणि सगळ्या वऱ्हाडासमोर त्यांनी वाकून बाबांच्या पायाला हात लावला. वयानं मोठे होते गं अण्णा.

नीला : माहितीय.

सावनी : आणि कारण काय, तर सत्यजितच्या एकनाथकाकांना स्टेशनवरून आणायला गाडी उशिरा गेली. मुलीच्या बापानं येऊन माफी मागितल्याशिवाय मुलगा बोहल्यावर चढणार नाही म्हणे! सत्यजित अंघोळीला गेला होता, त्याला पत्ताच नाही. नंतर कळलं तर तो रडला. पण बाबा? अण्णा वाकले तरी खुर्चीवरून उठले नाहीत. "ठीक आहे" म्हणाले. बस.

नीला : हे गेले तेव्हा दहाव्याला आले होते मोहनराव नागपूरहून. सगळं केलं, खांदेकऱ्यांना चहासुद्धा दिला. पण त्या गोष्टीचा एक शब्द नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसला प्रकार.

सावनी : मग? तरी तिकीट परत करू?

नीला : तू आधी सोलचं ऐक. कालपासून सांगायचं म्हणतेय, तुम्ही दोघं आपले "आई झोप, आई झोप."

सावनी : बाबा म्हणत होते, कुठल्याशा जुन्या खेड्यात फिरलात दिवसभर.

नीला : फिरलो कसले, मला फरफटत नेलं. पुढचं विमान संध्याकाळी. मी आपली विमानतळावर एक खुर्ची धरून बसले होते, दशम्यांचा डबा मांडीवर. तर मोहनराव आले. अमेरिकेचा व्हिसा असला की तिथं वेगळा लागत नाही, विमानवाल्यांची बस फुकट फिरवून आणते, कुठून कुठून सगळं विचारून आलेले. म्हणाले, "चला विहीणबाई. खुर्चीत बसून दिवस काढायला हे काय नागपूरचं बसस्टँड आहे?" खरं सांगू? एकटी मागे राहायची भीती वाटली म्हणून उठले. हौस म्हणून नाही.

सावनी : आणि तिकडे जाऊन बघायचं काय होतं?

नीला : काही नाही! तीच तर गंमत. एक आख्खं खेडं जुन्या पद्धतीनं मांडून ठेवलंय. आत गाडी नाही, रिक्षा नाही, सगळं पायी. कुठं पोचायचं नाही, कुणाचं औषध चुकायचं नाही. तुझ्या अण्णांच्या आजारपणानंतर मी अशी बिनकामाची चाललेच नव्हते गं. आम्हाला हिंडवायला हान नावाची एक मुलगी होती, छत्री वर धरून पुढं. ती इंग्रजीत सांगणार, मोहनराव मला मराठीत. आणि शिरताना वेशीवर दोन लाकडी खांब. हे एवढे डोळे वटारलेले, दात काढलेले. मला वाटलं गावचं दैवत. मी आपल्या चपला काढल्या, हात जोडले, पर्समधला रुपया ठेवला पायाशी.

सावनी : आई!

नीला : अगं पुढं ऐक. माझ्या मागं दोन गोऱ्या बायका होत्या. त्यांना वाटलं इथली पद्धतच असणार. त्यांनीपण बूट काढले, हात जोडले, आणि पैसे ठेवले! हान बिचारी ओशाळून गेली. म्हणाली, हे देव नाहीत, हे फक्त गावाची राखण करतात. मी म्हटलं, मग वेशीवरचा मारुतीच की, वेगळं काय सांगतेस? ते मोहनरावांनी तिला इंग्रजीत समजावलं. आणि हसले. तुमच्या लग्नापासून मी त्या माणसाचे दात पाहिले नव्हते.

सावनी : हसू दे. हसले म्हणून...

नीला : ऐकशील का? मग घरं बघितली. गवतानं शाकारलेली, मातीच्या भिंती. गावच्या पाटलाचं तेवढं कौलारू. एका घरात जमिनीवर बसले तर काय, फरशी गरम! स्वैपाकघरातल्या चुलीचा धूर जमिनीखालून फिरवतात म्हणे. माझी कंबर अशी शेकली, उठावंसंच वाटेना. मोहनराव उभेच. त्यांचे गुडघे तुला माहितीयत.

सावनी : सत्यनारायणालासुद्धा खुर्ची लागते त्यांना.

नीला : तर. ते दारात उभे, मी आत बसलेली, आणि घाई कुणालाच नाही. मग परसात गेलो. तिथं ओळीनं रांजण, माझ्या कमरेइतके. मी एकाची झाकणी उचलून वास घेतला. सोयाबीन आंबवत ठेवलेलं. त्या गोऱ्या बायका नाकाला रुमाल लावून पळाल्या. आणि मोहनराव मात्र तिथंच थांबले. पुन्हा पुन्हा वास घेतायत. म्हणाले, "आमची सुचित्रा कुरडयांना गहू भिजत घालायची, चीक काढायच्या आधी घरभर हाच वास यायचा. मी दरवर्षी भांडायचो. आता तो वास येत नाही घरात." एवढंच बोलले आणि झाकणी नीट लावून टाकली.

सावनी : सासूबाईंबद्दल ते कधीच बोलत नाहीत. सत्यजितशीसुद्धा नाही.

नीला : माझ्याशी तरी कुठं, त्या रांजणाशी बोलले म्हण. पण मग जेवायला बसलो तेव्हा मी माझ्या डब्यातल्या दोन दशम्या त्यांच्यापुढं ठेवल्या. तिथल्या भातावर अंडं फोडलेलं होतं, ते त्यांनाही चालेना. शेंगदाण्याची चटणी बघून म्हणाले, "साताऱ्याची?" मी म्हटलं, नाही, कोरियाची.

सावनी : तू पण ना!

नीला : आता खरं काय ते सांगते. जेवल्यावर चौकात ढोल वाजायला लागले. तिथं रोज जुन्या पद्धतीचं लग्न करून दाखवतात, आणि पाहुण्यांतलीच माणसं धरून उभी करतात. हाननं आम्हाला बघितलं, आणि आली की धावत. एक शालू माझ्या अंगावर, एक टोपी मोहनरावांच्या डोक्यावर!

सावनी : म्हणजे? नवरा-नवरी? तुम्ही दोघं? ओ माय गॉड.

नीला : अगं मी अशी किंचाळले, ढोलवाला थांबला! मोहनरावसुद्धा पायाखाली साप आल्यासारखे मागं सरले. मग त्यांनी तिला समजावलं. माझ्या मुलाची बायको हिची मुलगी. तेवढं ऐकून त्या पोरीनं टाळीच वाजवली. म्हणाली, मग तर फारच छान. तुम्ही मुलीची आई व्हा. बसा इथं.

सावनी : आणि बाबा?

नीला : त्यांच्यात असं असतं, की नवरा मुलगा सासरी येतो तो एक लाकडी बदक घेऊन येतो. हे पक्षी जन्मभर एकाच जोडीनं राहतात म्हणून. ते बदक मुलाकडचा एक वडीलधारा माणूस हातात धरून पुढं चालतो, आणि मुलीच्या आईला देतो. मग नवरा मुलगा तिच्यापुढं वाकतो. नीट ऐकलंस ना? मुलाकडचे वाकतात. मुलीच्या आईपुढं.

सावनी : इंटरेस्टिंग.

नीला : नवरा-नवरी एक ऑस्ट्रेलियाची जोडी होती. पोरगा इतका उंच, त्याचा झगा गुडघ्यापर्यंतच आला. आणि बदक दिलं मोहनरावांच्या हातात. रेशमी फडक्यात गुंडाळलेलं. ते आले चालत, ढोल चाललाय, मी तिकडं चटईवर मांडी घालून बसलेय, लोक फोटो काढतायत, मोहनरावांचा कॅमेरा हानच्या हातात. बदक माझ्या ओंजळीत ठेवलं. त्यांचं काम तेवढंच. बाजूला व्हायचं आणि त्या पोरानं वाकायचं.

सावनी : मग?

नीला : ते बाजूला झाले नाहीत. आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा. असं वेदनेनं तोंड झालं त्यांचं. दोन्ही हात जमिनीवर, आणि कपाळ हातांना लागेपर्यंत वाकले. सगळे हसले गं. सगळ्यांना वाटलं म्हातारा चुकला. पण मी नाही हसले.

सावनी : चुकलेच असणार. इंग्लिशमध्ये भराभर इन्स्ट्रक्शन्स दिल्या असतील.

नीला : मलाही आधी तसंच वाटलं. पण एकदा वाकून वर आले, माझ्याकडं बघितलं, आणि पुन्हा वाकले. दुसऱ्यांदा कोण चुकतं? आणि मग त्यांना उठता येईना. ते आपले जमिनीवर हात टेकून धडपडतायत, तो ऑस्ट्रेलियाचा खांब नुसता बघतोय. शेवटी मी बदक काखेत मारलं आणि हात दिला.

सावनी : तू हात दिलास. त्यांना.

नीला : दिला. आणि मला रडू आलं. कुणाचं खेडं, कुणाचं लग्न, अंगावर परका शालू, आणि मी ते लाकडाचं बदक छातीशी धरून रडतेय. ते बदक मग नवरीच्या घरात फेकायचं असतं म्हणे. उभं राहिलं तर पहिला मुलगा, आडवं पडलं तर मुलगी. माझ्या हातून सुटेचना. हान म्हणत होती, थ्रो, थ्रो. माझ्या मनात एकच. हे बघायला तुझे अण्णा हवे होते.

सावनी : आई... हे घे, डोळे पूस. पण मला पटत नाही. सॉरी. मी त्या दिवशी काय बघितलंय ते मला माहितीय. बाबा माफी मागणारच नाहीत कुणाची. त्यांना कळलं नसेल, गोंधळले असतील, आणि तू आपली त्यात सगळं घालून बसलीस. थांब, त्यांचा कॅमेरा इथेच आहे. रीमाताईनं दिलेला. हाननं काढलेत ना फोटो? बघू... हे खांब. हे तू, खांबाला नमस्कार करताना. देवा रे! हे रांजण. हा फोटो नाहीये, क्लिप आहे. लावू?

नीला : लाव.

(कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर ढोल वाजू लागतो. नीला लाटणं हातात तसंच धरून उभी राहते.)

सावनी : हे बाबा आले. बदक दिलं... आता बसतायत खाली. किती त्रास होतोय त्यांना! थांब, थांब. आवाज ऐकलास?

नीला : नुसता ढोल.

सावनी : नाही, मागे. ज्या मुलीनं कॅमेरा धरलाय ती बोलतेय. परत लावते. हे बघ, ते वाकायच्या आधी. "नो, नो, सर! ओन्ली द ग्रूम! नॉट यू!" आणि बाबा काय म्हणाले?

नीला : मला काय कळणार! काय म्हणाले?

सावनी : "आय नो." म्हणाले, "आय नो, मिस हान." आणि मग वाकले.

नीला : म्हणजे?

सावनी : म्हणजे, मला माहीत आहे. वाकायचं नाहीये हे त्यांना माहीत होतं.

नीला : मला हे ऐकूच आलं नव्हतं बाई. तो ढोल कानाशी.

सावनी : आई, आता मला पण रडवू नकोस. पण एकदा वाकले म्हणून सगळं माफ? इतक्या स्वस्तात?

नीला : माफ केलं असं कुठं म्हटलं मी? ते माफ करणं न करणं तुझ्या अण्णांच्या हातात होतं, ते घेऊन गेले. मी एवढंच म्हणतेय, की त्या दिवसानंतर ह्या माणसाला घराबाहेर काढ असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. तुला राग ठेवायचा तर ठेव. पण तो तुझा म्हणून ठेव, माझ्या नावावर नको.

सावनी : आणि सत्यजितला काय सांगू? इतकं भांडून?

नीला : सांग, आईचं डोकं फिरलं. जावयाला ते सहज पटतं. श्श... जिन्यावर पाय वाजतायत.

मोहनराव : दार उघडंच होतं बेटा. बाप्पा, काय गाव आहे हे! एवढे रुंद रस्ते, त्याच्या कडेला एवढी छान फरशी, आणि पायी चालणारा एक माणूस नाही. एका बाईनं तर माझ्यापाशी गाडी थांबवली. विचारते, "आर यू लॉस्ट?" म्हटलं, नाही बाई, नुसता चालून राहिलो. तिला काही पटलं नाही. पुढच्या कोपऱ्यावर थांबून पाहतच राहिली.

सावनी : बाबा, बसा. चहा ठेवू?

मोहनराव : ठेव ना. आणि सत्यजितला फोन कर, म्हणावं संध्याकाळी तोंड बारीक करून येऊ नको. मला माहीत आहे शनिवारचं.

सावनी : ...कसं?

मोहनराव : काल तुम्ही दोघं खाली गाडीतून सामान काढत होते ना, तेव्हा रीमाचा फोन आला होता. "बाबा, शनिवारी तुमच्यासाठी पुरणपोळी करू का?" म्हणून विचारत होती. तिला वाटलं मला सांगितलं असेल. म्हटलं, कर. म्हणून बॅग उघडली नाही. उघडा, बांधा, पुन्हा उघडा, कशाले तो पसारा?

नीला : म्हणजे कालपासून तुम्हाला ठाऊक आहे, आणि तुम्ही गप्प?

मोहनराव : बोलायचं काय त्यात? बाळंतिणीच्या घरात व्याह्याचं काय काम? बरोबरच केलं पोरांनी.

सावनी : बाबा, एक विचारू? तुम्ही त्या लग्नात वाकलात ते... हान नको म्हणत होती. आम्ही क्लिप बघितली.

मोहनराव : त्याच्यात आवाजही येते काय? हे रीमानं सांगितलं नव्हतं.

सावनी : येतो.

मोहनराव : तो ऑस्ट्रेलियाचा पोरगा, त्याला वाकता येईल असं काही दिसत नव्हतं. म्हटलं, करून दाखवू.

नीला : दोनदा?

मोहनराव : सावनी बेटा, चहात साखर कमी टाक.

नीला : मोहनराव, मी विचारतेय.

मोहनराव : काय सांगू नीलाताई. साताऱ्याहून परतताना गाडीत सुचित्रा माझ्याशी बोलली नाही. नागपूर येईपर्यंत नाही. उतरताना एवढंच म्हणाली, "एक दिवस जाऊन माणसासारखे बोलून या त्यांच्याशी." मी आज जातो, उद्या जातो करत राहिलो. मग तुमचे श्रीरामपंत गेले. मग सुचित्रा गेली. मग बोलायचं कोणाशी? आणि तोंड तरी कोणतं होतं? तिथं निदान ढोल वाजत होता. वाटलं, ह्या गोंधळात होऊन जाईल, कोणाला कळणार नाही.

नीला : मला कळलं.

मोहनराव : तुम्हाला कळावं म्हणूनच तर.

नीला : गुडघे कसे आहेत?

मोहनराव : मरणाचे दुखून राहिले. विमानात रात्रभर हूं की चूं केलं नाही, तुमची झोप मोडेल म्हणून.

नीला : जागीच होते मी. सावनी, ते तिकीट रद्द कर.

मोहनराव : नका बरं. माझी दया येऊन काही करू नका. रीमानं डाळ भिजत घालायची तयारी केली असेल.

नीला : दया? कसली दया! इथं काम आहे ढीगभर. पोराला न्हाऊ घालायचं तर पाणी ओतायला माणूस लागतो. ही शेगडी बंद झाली की चालू हे वाचायला चष्मेवाला लागतो. आणि संध्याकाळी मला चालायला जायचंय. त्या गावात पायाला चटक लागली. एकटी निघाले तर बायका गाड्या थांबवून विचारणार, हरवलात का. मला उत्तर द्यायचं इंग्रजीही येत नाही. दोघं असलो तर निदान विचारणार नाहीत.

सावनी : बाबा, रीमाताईला मी सांगते. तीच येईल इकडे बारशाला, पुरणपोळ्या घेऊन.

मोहनराव : तुझं काय म्हणणं आहे बेटा? आईचं मला समजलं. तुझं सांग. तू त्या दिवशी खिडकीत होती. मी पाहिलं होतं तुला.

सावनी : तुम्ही... पाहिलं होतं?

मोहनराव : पाहिलं होतं. म्हणून तर तुझ्याकडे आजपर्यंत नीट पाहिलं नाही.

सावनी : मला राग आहे बाबा. खोटं कशाला सांगू? अजून आहे.

मोहनराव : असू दे. असायलाच पाहिजे.

सावनी : पण बाळाला आजोबा एकच आहेत. ते सिअ‍ॅटलला कशाला हवेत? राहा.

नीला : हं. झालं मग. आता अटी ऐका. दुपारी मी झोपले की टीव्हीचा आवाज बारीक. बाळाला उगाच काखेत धरून हलवत बसायचं नाही. आणि रोजचा पहिला चहा तुम्ही करायचा.

मोहनराव : चहा मला चांगला येते. सुचित्राच्या आजारपणात शिकलो.

नीला : तो उद्या कळेलच. आता ती बॅग उघडा आधी, कालपासून डोळ्यांसमोर उभी आहे. आत काय सोनं आहे कुलूप लावून ठेवायला?

मोहनराव : उघडतो ना. ते कुलूप पार खाली चाकांपाशी आहे, खाली बसावं लागेल. सावनी बेटा, ती खुर्ची जरा इकडे...

नीला : खुर्ची नको. बसा निवांत खाली. उठवायला मी आहे.